पडद्याआधीचं नाव

या, असे जवळ सरकून बसा. कोल्लमकडच्या एका मुलीची गोष्ट सांगायची आहे. कथा सांगणाऱ्याचीच कथा आहे, तेव्हा ती लांबून ऐकण्यात अर्थ नाही.

शाळांच्या कलोत्सवाचा दिवस. मंचामागच्या बोळात नववीतली भद्रा भिंतीला टेकून उभी होती. जरीकाठाची पांढरी साडी, छातीवर टाचलेला सातचा आकडा, हातात चिपळ्या. मंचावर सहा नंबरचा मुलगा गाऊन कथा सांगत होता. त्याच्यामागून तिची पाळी. आणि सुमंगला टीचर दबक्या आवाजात तिची समजूत काढत होत्या.

"मनातल्या मनात घे गं नाव. गुरूला मनातलंही पोचतं."

"मग कथाही मनातच सांगू का, टीचर?"

तबल्यावर बसणाऱ्या अफ्सलला हसू फुटलं. टीचरांनी डोळे वटारले तसं त्यानं ते गिळलं.

"हसण्यावारी नेऊ नका," टीचर म्हणाल्या. "मागच्या वर्षी एका पोरानं नमनात मास्तरांचं नाव घेतलं. कथा अशी रंगली, बायका पदर लावत होत्या डोळ्यांना. आणि निकालात त्याचा नंबरच नाही! मंचावरून गुरूचं नाव नाही, शाळेचं नाही, गावाचं नाही. परीक्षकांना कळता कामा नये कोण कुणाचं ते. नियम चांगलाच आहे, पोरी."

नियम चांगला होता, हे भद्रालाही पटत होतं. पण हातातल्या चिपळ्या तिच्या गुरूंच्या, वेलुक्कुट्टी आशानच्या होत्या. तिकडे गुरुजींना आशान म्हणतात. गेल्या पावसाळ्यात आशान गेले. मूल ना बाळ. उभा जन्म देवळांच्या उत्सवांत कथा सांगण्यात गेलेला. चिपळ्या तिच्या हातात देताना ते म्हणाले होते, "कथेकरी पहिला ठोका टाकायच्या आधी एकच नाव घेतो, आपल्या गुरूचं. मी माझ्या गुरूंचं घेत आलो. माझं तू घ्यायचंस. नाही घेतलंस, तर मी कधी कथा सांगितलीच नाही असं होईल." तिनं मान डोलावली होती. तेवढंच. पण डोलावली होती.

"भद्रे, ही बोटं बघ माझी," अफ्सल पुढे झाला. "ओणमच्या सुट्टीत सगळी पोरं नौकांच्या शर्यती बघायला गेली, आणि मी तुझ्या कथेतल्या त्या नावाड्याच्या बायकोला ताल देत बसलो. या रिन्सीनं तुला पेटीची साथ करण्यापायी ख्रिसमसचं गाणं सोडलं. आणि तू नमनालाच होडी बुडवणार?"

"तुमची बुडू द्यायची नाही मला."

"आणि आशानची?"

"तीसुद्धा नाही."

"मोठी आली नावाडीण! अगं, पडदा उठला की तू नुसती सात नंबर. तुला नाव नाही, गाव नाही, गुरू नाही."

भद्रा भिंतीपासून सुटून सरळ उभी राहिली.

"आणि पडदा उठायच्या आधी?"

"आधी काय? आधी तू आमची भद्री."

म्हणून गेला खरा, पण म्हणता म्हणता त्याच्याही डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यानं टीचरांकडे पाहिलं, मग रिन्सीकडे. रिन्सीनं पेटी उचलली.

"माईक नसेल हां तेव्हा," तो हळूच म्हणाला.

"आशानना कुठं होता?"

सहा नंबरचं संपलं. टाळ्या झाल्या, पडदा पडला. आतल्या बाजूला ही मंडळी जाग्यावर बसली. रिन्सीनं सूर धरला. पडद्याची दोरी धरलेल्या सरांनी बाहेरच्या घोषणेकडे कान लावला. भद्रानं चिपळ्या दोन्ही तळव्यांत धरून हात जोडले. टीचरांच्या ध्यानात आलं, त्या कडेनं "नको, नको" अशी मान हलवू लागल्या. अफ्सल तबल्यावर हात ठेवून म्हणाला, "घे. लवकर घे."

देवळाच्या मैदानात वीज गेली की शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत कथा पोचवायला जो आवाज लागतो, तो आशाननी तिच्याकडून घोटून घेतला होता. तो आवाज तिनं लावला.

"माझे गुरू वेलुक्कुट्टी आशान, यांना नमस्कार."

बंद पडद्यातून तो आरपार गेला. बाहेरची कुजबुज थांबली. खूप मागून एक बायकी आवाज आला, "अगंबाई, आमच्या देवळात यायचे ते!" आणि पुन्हा शांत.

त्या शांततेत पडद्यापलीकडचं परीक्षकांचं बोलणं भद्राला स्वच्छ ऐकू येत होतं. तिच्या मुठीत चिपळ्या ओल्या झाल्या.

"नाव घेतलं हो हिनं! लिहायला हवं."

कागद सरकल्याचा आवाज झाला. मग दुसरा आवाज, म्हातारा, सावकाश.

"घड्याळ सुरू केलंत का?"

"नाही. पडदा कुठं उठलाय?"

"मग अजून काही सुरूच झालेलं नाही."

दोरी करकरली. उजेड आधी तिच्या पावलांवर आला, मग चिपळ्यांवर. भद्रानं पहिला ठोका टाकला.

तिला कितवा नंबर मिळाला, ते माझ्यापाशी विचारू नका. मंडळी, एवढंच करा. कुठं कथा लागली, सांगणारा उभा राहिला, हात वर गेला आणि चिपळी अजून वाजायची आहे, अशा त्या एवढ्याशा थांबण्यात एकदा आठवण काढा. वेलुक्कुट्टी आशान.