छत्रीची शिवण

“इंजन समोर अन् माणूस चाकाच्याही मांगं? असं उलटं काऊन?” हवालदार गोवर्धन गाडीभोवती एक चक्कर मारून पुन्हा तिथेच येऊन उभा राहिला.

“जुन्या काळी शर्यतीच्या गाड्या अशाच रायत, साहेब,” भूपेंद्र म्हणाला. “ड्रॅगस्टर म्हणतात. वळायचं नाई, नुसतं नाकासमोर पळायचं.”

पंधरा फूट लांब पाइपांचा सांगाडा, पुढे मोटारसायकलची दोन बारीक चाकं, मागे दोन रुंद टायर, मध्ये भंगारातून उचललेल्या जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन आणि पार शेपटाशी चालकाची जागा. तीन वर्षं भूपेंद्र ती गाडी घरच्या गोठ्यात जोडत होता. आज तिला पहिल्यांदा पळवायचं होतं. अर्जुनी मोरगावच्या बाहेर कारखान्यांसाठी प्लॉट पाडले होते. कारखाने अजून यायचे होते, पण किलोमीटरभर सरळ डांबरी रस्ता तयार होता. त्यावर रविवारी सकाळी दोन तासांची परवानगी मिळाली होती. रस्ता संपायचा तिथे कालवा होता, उन्हाळी धानाला सोडलेल्या पाण्यानं काठोकाठ भरलेला.

गोवर्धननं कालव्याकडे पाहिलं. तो गोंदिया शहरातला. “गाडी तो ठीक है, भाऊ. पर रुकेगी कैसे?”

“मागच्या चाकाले ब्रेक आहे. अन् हे.” भूपेंद्रनं सीटमागच्या कापडी गठ्ठ्यावर हात ठेवला. “पॅराशूट. मायनं शिवलं.”

मोहाच्या झाडाखाली सुलोचनाबाई उभ्या होत्या. नाकावर चष्मा, पदर कमरेला खोचलेला.

“बाई, तुम्ही काय शिवता?” गोवर्धननं विचारलं.

“ब्लाउज. शाळेचे ड्रेस.”

गोवर्धननं रस्त्यावर आडवं लावलेलं बॅरिकेड धरून ठेवलं. “मग नाही जमणार. कपड्यानं गाडी थांबत नसते. काही झालं तर जबाब मला द्यावा लागेल.”

भूपेंद्रनं परवानगीचा कागद दाखवला. कोहमाऱ्याच्या ज्या गॅरेजात तो कामाला होता, तिथला मालक योगराजही मध्ये पडला. गाडी त्याच्याच पिकअपमागे ओढून आणली होती. गोवर्धन बधला नाही.

सुलोचनाबाईंना त्याचा राग आला नाही. चाळीस वर्षांत त्यांच्या हातची शिवण उसवली असेल, तर बाई दुसऱ्या दिवशी ब्लाउज घेऊन परत आली होती, इतकंच. या शिवणीला दुसरा दिवस नव्हता. हे त्या घरात कोणाला बोलल्या नव्हत्या. छत्री गाडीला जोडणाऱ्या जाड पट्ट्यावर पायमशीनच्या चार सुया मोडल्या, तेव्हा धानाची पोती शिवायचा दाभण घेऊन त्यांनी छत्रीच्या बाराही दोऱ्या त्याला हातानं टाचल्या होत्या. एकेका दोरीला पाच-पाच वेळा.

त्या पुढे आल्या.

“योगराज, पिकअप आण. भूपेंद्र, सोड थे छत्री.”

“माय, पुन्हा भरायले अर्धा घंटा लागल.”

“लागू दे.”

छत्रीचा काठ बाराही दोऱ्यांसकट एकत्र करून त्यांनी पिकअपच्या हुकाला बांधायला लावला. पट्ट्याचं गाडीकडचं टोक मोहाच्या बुंध्याला. मग गोवर्धनकडे वळल्या. “तुमी बसा योगराजच्या बाजूले. तुमच्या डोळ्यानं पाहा.”

योगराजनं पिकअप पुढे घेतली. पट्टा ताणला. मोहाची पानं हलली, टाके करकरले. सुलोचनाबाईंनी हात वर केला: अजून. योगराजनं जोर दिला. मागची चाकं जागीच फिरायला लागली, रबराचा वास सुटला, मुरूम उडाला. पिकअप तसूभर पुढे गेली नाही.

गोवर्धन पिकअपमधून खाली उतरला. त्यानं पट्ट्यावरच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि जाऊन बॅरिकेड बाजूला ओढलं.

छत्री पुन्हा भरून झाली. भूपेंद्र सीटमध्ये उतरला, त्यानं हेल्मेट घातलं, डोळ्यांवर चष्मा ओढला. सुलोचनाबाईंनी त्याच्या खांद्यावरचा पट्टा दोन बोटांनी ताणून पाहिला आणि मागे सरल्या.

गाडी ओरडली. मागच्या चाकांतून पांढरा धूर निघाला, पुढची बारीक चाकं वीतभर उचलली गेली आणि गाडी सुटलीच. दोन्ही बाजूंच्या धानाच्या बांध्यांमधले बगळे एकदम उठले. बघता बघता भूपेंद्र ठिपक्याएवढा झाला. सुलोचनाबाई गठ्ठ्याकडे पाहत होत्या. गठ्ठा सुटला. कापड क्षणभर रस्त्यावरून नुसतं फरफटलं. मग वारा शिरला आणि छत्री भरली, लाल, गोल, एकही दोरी ढिली नाही.

गाडी हळू झाली. अजून हळू. कालव्याच्या शंभर पावलं अलीकडे उभी राहिली.

“रुकी,” गोवर्धन स्वतःशीच म्हणाला.

योगराज पळत गेला. सुलोचनाबाई तेवढा सगळा रस्ता चालत गेल्या. भूपेंद्रचं तोंड इंजिनातून उडालेल्या तेलानं काळं झालं होतं, डोळ्यांभोवती तेवढी गोरी कडी.

“माय, मी ब्रेकले हातच नाई लावला.”

“कायले नाई लावला?”

“गरजच नाई पडली.”

चेहरा कोणाला दिसू नये म्हणून त्या वाकल्या आणि रस्त्यावर पसरलेली छत्री गोळा करायला लागल्या. कापड मोठं होतं, वाऱ्यानं पुन्हा पुन्हा फुगत होतं. मागून येऊन गोवर्धननं टोपी काढून काखेत धरली आणि कापडाचा दुसरा काठ उचलला.

“कुठून धरू, मावशी?”

“तिथून. ताणून धरा,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “घडी नीट बसली नाई तर पुढच्या खेपेले उघडत नाई थे.”