चिमूटभर जाग

नाचणीच्या लापशीत चमचा उभाच राहिला. सुकरीनं बाळाच्या ओठांना घास लावला, पण दहा महिन्यांच्या त्या पोरानं न रडता तोंड फिरवलं. आठ दिवस तो रडलाच नव्हता. नुसता पडून कुडाच्या फटीतून आलेला कवडसा बघायचा. त्याच्याकडे बघता बघता तिचीही तंद्री लागायची.

"घट्ट त्याला गिळवत नाही आणि पाणी वाढवलं तर ताकद राहत नाही," बाळाला बघायला घरी आलेल्या अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या. "मोड आणून वाळवलेली नाचणी परवा दळलीस ना? आण जरा."

ताईंनी त्या पिठाची चिमूट गरम लापशीत टाकली आणि त्या ढवळत राहिल्या. घट्ट गोळा हळूहळू सैलावला, मग झोपेतून उठल्यासारखा वाहू लागला.

"पाणी घातलंत, ताई?"

"थेंबभर नाही. कोंब फुटताना दाण्यात पीठ पातळ करणारी विकरं जागी होतात, तीच या चिमटीत आहेत. कोंबाला खाता यावं म्हणून दाणा आपल्या पोटातलं पीठ विरघळवून गोड करतो."

म्हणजे दाणाही आईच, सुकरीच्या मनात आलं. मातीखालच्या काळोखात, कुणाला न दिसता, आपल्या कोंबाला भरवत बसलेली.

बाळानं एक चमचा गिळला. मग दुसरा. वाटी संपली तेव्हा त्यानं रिकाम्या वाटीकडे पाहिलं, ओठ काढले आणि मोठ्यानं भोकाड पसरलं.

ताई दुसरी वाटी भरेपर्यंत सुकरी डोळे मिटून ते रडणं ऐकत बसली.