त्यातच करून टाकू

"दुसरीही मुलगीच. बाळ-बाळंतीण सुखरूप," सिस्टर कन्नडमध्ये म्हणाली आणि तिनं गिरीराजच्या हातात कागद ठेवला. "पोट उघडलंच आहे, तर मुलं बंद करायचं ऑपरेशनही त्यातच करून टाकू का? इथं नवऱ्याची सही. बेग बेग, लवकर करा अण्णा, डॉक्टर थांबल्यात."

गिरीराजनं पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. जे. पी. नगरमधल्या त्या लहानशा हॉस्पिटलातला बाक सकाळपासून त्याला टोचत होता.

बायकोचं, भूमिकाचं, म्हणणं त्याला पाठ होतं. सातव्या महिन्यात साड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली होती, "हे दुसरं झालं की पुरे. पण माझ्या पोटावर दोनदा सुरी फिरली असेल. आता पाळी तुझी." पुरुषाचं काम पंधरा मिनिटांचं, टाकासुद्धा नाही, असं डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं होतं. त्यानं मान डोलावली होती. मग बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात मित्रांनी टर उडवली. लेथपुढे उभं राहायचं बळ उरणार नाही म्हणे. तेव्हापासून त्यानं विषयच काढला नव्हता.

आता सुटका आपल्या पायांनी चालत आली होती. एक सही.

"नको करू," आई म्हणाली.

सकवारबाई भिंतीशी उभी होती. सकाळपासून ती खाली टेकली नव्हती.

"का नको? दोन पुरे, हे तिचंच म्हणणं आहे."

"दोन पुरे म्हणाली. मला कापा म्हणाली का?"

"एकच झालं ते."

"एकच कसं? कंबरेखाली बधिर केलंय तिला, तोंड नाही बधिर केलं. जागी आहे ती. विचारून ये म्हणावं सिस्टरला."

सिस्टर गालातल्या गालात हसली. "अज्जीला नातू हवाय."

गिरीराजलाही तेच वाटलं. थोरलीच्या बारशाला गल्लीतल्या बायका 'पुढचा पाळणा कृष्णाचा' म्हणाल्या, तेव्हा आई हसली होती. ते हसू त्याच्या मनात रुतून बसलं होतं.

"आई, खरं सांग. नातवासाठीच चाललंय ना हे?"

"तुला काय वाटायचं ते वाटू दे. त्या कागदाला पेन लावू नकोस."

"अण्णा..." सिस्टर म्हणाली.

"स्वल्प थांबा, अक्का."

त्यानं वडिलांकडे पाहिलं. आप्पाजी बाकाच्या टोकाला, मांडीवर कॉफीचा थर्मास धरून बसले होते. आईचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता. गल्ली त्यांना बायकोचा बैल म्हणायची आणि ते ऐकून घ्यायचे.

"तुम्ही तरी समजवा हिला. साधी सही आहे."

आप्पाजींनी थर्मास खाली ठेवला.

"तुझ्या वेळी असाच कागद आला होता," ते म्हणाले. "ही आत गुंगीत होती. मी सही केली. हिला विचारलं नाही, नंतर सांगितलंही नाही. सात वर्षं ही दुसऱ्या लेकरासाठी देवनहळ्ळीला पिंपळाखालच्या दगडी नागांना प्रदक्षिणा घालत होती. आठव्या वर्षी एका डॉक्टरणीनं हिला खरं सांगितलं. तोवर दर मंगळवारी हिच्याबरोबर जाऊन, हिच्या चपला सांभाळत बसायचो, तो मी."