एअरबॅगच्या जागी
ठोकलेल्या गाड्या घ्यायच्या, सरळ करायच्या, विकायच्या हा आमचा धंदा. सरळ मी करतो, विकतो मेहुणा. आज गिऱ्हाईक सही करणार तेवढ्यात मला राहवलं नाही. मी स्टिअरिंगचं झाकण उचकटलं. फुटलेल्या एअरबॅगच्या जागी मेहुण्याने स्वतःचं जुनं बनियन कोंबलं होतं. शिळ्या घामाचा वास गाडीभर पसरला. "शुद्ध कॉटन आहे, काका," मेहुणा शांतपणे म्हणाला. "शेजारच्या सीटसमोर काय?" गिऱ्हाइकाने विचारलं. "पायजमा. जोडीच आहे." मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. काका मात्र किंमत पाडायला लागले. "अहो, जीव जाईल!" मी ओरडलो. "मी कुठे चालवणार? जावयासाठी घेतोय." "आणि शेजारी तुमची मुलगी बसेल ती?" काकांनी बनियन दोन बोटांनी आत ढकललं, हात रुमालाला पुसला. "मिस्त्री, तिच्या बाजूला तेवढी खरी एअरबॅग बसवा."