कोटावरचे गोटे

मुखरूने गोकुळेचा गोटा दोन्ही हातांनी धरला आणि उचलायचा सोडून त्याच्याच शेजारी भिंतीवर टेकला. सकाळपासून त्याची कंबर बोंब मारत होती, पण आता तो बसला तो कंबरेमुळे नव्हे.

टेकडीच्या माथ्यावरच्या या दगडी रिंगणाला गावात कोट म्हणायचे. ना दरवाजा, ना बुरूज. कंबरेएवढी गोल भिंत, शेवाळ आणि मातीने अशी लिंपलेली की दगडाचा रंगही कळू नये. मधे रानगवत आणि एक मोहाचं झाड. जुन्या बांधकामांची नोंद करायला चंद्रपूरहून आलेल्या दिव्यानी मॅडम त्याचं मोजमाप करत होत्या. वरचे सुटे दगड कोणीतरी मागाहून ठेवलेत, ते काढून उतारावर ढकलून द्या, जुनी भिंत फोटोत नीट दिसली पाहिजे, एवढं सांगून त्या भिंतीच्या पायाशी खणलेल्या खड्ड्यात उतरल्या होत्या.

कोणीतरी म्हणजे कोण, हे त्यांनी विचारलं नाही आणि मुखरूनेही सांगितलं नाही. कितीतरी दिवसांनी हाताला काम लागलं होतं. उगाच तोंड उघडून ते कशाला घालवा.

टेकडीचा दगड तांबडा आणि धारदार. हे गोटे मात्र काळे, गुळगुळीत, गावच्या तलावातले. मासेमार धिवरांच्या घरचं माणूस गेलं की दहाव्या दिवशी तलावात बुडी मारून एक गोटा काढायचा आणि कोटावर नेऊन ठेवायचा. कोणता कोणाचा, ते मुखरूला पाठ होतं. दादाजीचा रुंद, तो सकाळीच काढला. जंगूच्या आईचा एका अंगाला चिरलेला, तोही काढला. पोचूच्या बापाचा, सोबत कामाला आलेल्या पोचूनेच काढला, तोंड फिरवून. ढकलून देणं काही मुखरूला जमलं नाही. तो एकेक गोटा उचलून मोहाखाली ओळीने मांडत होता, म्हणजे काम दुप्पट. तरी हात चालतच होते, आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती.

गोकुळेचा गोटा त्याने गेल्या पावसाळ्यात आणला होता. तलाव तुडुंब भरलेला, तीनदा बुडी मारावी लागली. ही चढण चढताना चार ठिकाणी बसला होता.

"काऊन बसला गा?" पोचू म्हणाला. "आपून नाई काढला तं दुसरा कोणी काढन."

"काढू दे दुसऱ्याले. मी थकलो."

मॅडम खड्ड्यातून वर आल्या. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. "काका, बरं वाटत नाही का? राहू द्या तो. पोचूभाऊ काढतील."

"त्याले हात नका लावू, मॅडम. ते माही घरवाली होय."

मॅडमना काही समजेना. मग पोचूनेच खाली बघत चार वाक्यांत सगळं सांगितलं. मोहाखालच्या ओळीतले गोटे त्यांनी एकेक करून मोजले.

"सकाळीच सांगायचं ना हो," त्या म्हणाल्या. मग त्यांनी वही उघडली. "असं करा, सगळे परत जागच्या जागी ठेवा. वरचे दोन थर नवे, गावकऱ्यांचे, अशी नोंद करते. खालची भिंत जुनी. ती वेगळी."

म्हणजे ते सगळं ओझं आता परत वाहायचं होतं. मुखरू गुडघ्यावर हात देत उठला. पण मोहाकडे जायच्या आधी तो खड्ड्याच्या कडेला गेला आणि वाकून बघू लागला. मॅडमनी ब्रशने घासून भिंतीचा पाया मोकळा केला होता, पुरुषभर खोल. तांबड्या मातीत बसवलेले दगड काळे होते, गुळगुळीत. तळापर्यंत तसेच.

"हे बी तलावातलेच होत, मॅडम," तो म्हणाला. "खालच्यायले रडणारं कोणी राह्यलं नाई, एवढंच."