एक खाच सोडून

मेमरीची सोळा जीबीची एकच पट्टी घ्यावी की आठ-आठच्या दोन, हे ऋचाचं ठरेना. "जोडीच घे," भालचंद्ररावांनी निकाल दिला. जन्मभर वधूवर सूचक मंडळ चालवलेला बाप दुसरं काय सांगणार?

ऋचाने गेमिंगच्या नव्या कॉम्प्युटरमध्ये जोडी बसवली आणि ती चहा टाकायला गेली. भालचंद्ररावांनी आत डोकावलं. दोन पट्ट्यांच्या मध्ये एक खाच रिकामी! त्यांना बघवेना. एक पट्टी उपटून त्यांनी दुसरीला खेटून बसवली आणि मनातल्या मनात अक्षताही टाकल्या.

संध्याकाळच्या सामन्यात ऋचाचा योद्धा रांगत रांगत लढला आणि पहिल्याच फेरीत गारद झाला. तिने झाकण उघडलं.

"बाबा! मध्ये एक खाच सोडायची असते. शेजारी बसल्या की दोघी एकाच वाटेत गर्दी करतात, काम रखडतं."

"जोडप्यात अंतर? आमच्या मंडळात असलं कधी चाललं नाही!"

त्यांना खेटून मटार सोलणारी आई ऐकत होती. ती ताट घेऊन उठली आणि एक खुर्ची सोडून बसली.

सोललेले मटार तोंडात टाकायला सवयीने गेलेला भालचंद्ररावांचा हात ताटापर्यंत पोहोचेना. लग्नानंतर पहिल्यांदाच ताट भरलं.