सशाचा आवाज

गावाकडे महिपतीने हरणं मारली होती, ती श्वास रोखून, गप्प बसून. कोल्ह्याच्या शिकारीला मात्र तो पहिल्यांदाच निघाला होता. कतारमध्ये येऊन त्याला दोन वर्षं झाली होती. अल खोरजवळच्या मळ्यावर कोल्हा कोकरं पळवू लागला, तेव्हा अरबी मालकाने मुकादम आबासाहेबाच्या हाती बंदूक दिली आणि महिपतीला म्हणाला, "तू शिकारी ना? मग तूही जा. यल्ला!"

दोघांचं महिनाभर बोलणं बंद होतं. आबासाहेब मजुरांवर हात टाकतो, हे महिपतीनेच मालकाच्या कानावर घातलं होतं. सगळ्यांदेखत मुकादमाला खाली मान घालावी लागली होती.

"जखमी सशाचा आवाज काढला की कोल्हा आपण होऊन येतो," सकाळी माळावर पोचल्यावर आबासाहेब म्हणाला. "तू त्या झुडपामागे बसून ओरड. मी टेकाडावरून बार टाकतो."

महिपतीने तोंडापाशी हात नेले आणि कळवळून ओरडला. कोल्हा खरंच आला. झुडपापासून लांब, टेकाडाच्या पायथ्याशी, उघड्या वाळूत येऊन थबकला.

बार झाला. महिपतीच्या कानाजवळची फांदी तुटून त्याच्या मांडीवर पडली. कोल्हा पळून गेला.

"नेम चुकला रे!" आबासाहेब वरून हसत म्हणाला.

महिपती उठला, सावकाश टेकाड चढला आणि मुकादमाच्या हातातली बंदूक हिसकावून घेतली.



"आता तुम्ही खाली जाऊन ओरडा, आबासाहेब."